ताळा

संध्याकाळचे सात. पोंता द सोलच्या शाळेत
पोरांच्या बाकांवर आम्ही मोठी माणसं,
गुडघे मावत नाहीत.
विहिरी खणणारा सिल्वेस्त्रे, शिवण करणारी इदालिना,
आणि मी नोर्बेर्ता, मासेवाली.
हात तीनदा धुतले तरी वहीला बांगड्याचा वास.

मास्तर एकोणीस वर्षांचा. आदिल्सन.
याला मी धक्क्यावर नागवा पळताना पाहिलंय.
आता खडू धरून सांगतो,
"मावशी, क्ष म्हणजे आपल्याला माहीत नसलेली संख्या."
माहीत नसलेलं पुष्कळ आहे रे,
एका अक्षरात कसं बसवलंस?

त्यानं लिहिलं : छत्तीस भागिले क्ष, बरोबर चार.
मी म्हटलं, नऊ.
"पायऱ्या?"
पायऱ्या कसल्या!
टोपलीत छत्तीस बांगडे, ताटात चार चार,
ताटं नऊ.
तो हसला नाही. म्हणाला,
"टोपली मोठी झाली की ताटं मोजता येणार नाहीत."

मग दाखवलं. क्ष रेघेखाली अडकलाय.
दोन्ही बाजूंना त्याच्याचनं गुणायचं.
इकडचा छेद सुटतो,
तिकडे क्ष वर येतो,
पाणबुड्या येतो तसा, तोंड उघडून.
एका पारड्यात टाकलं ते दुसऱ्यातही टाकायचं.
हे मला पटलं. तराजूतलं मला कळतं,
लोकांनी कितीही काटा मारला म्हटलं तरी.

"एकच अट. छेद शून्य नको."
सिल्वेस्त्रे म्हणाला, का नको?
खाणारं कुणी नसेल तर मासे उरतील. झालं उत्तर.
"उरतील किती, असं विचारलेलंच नाही, काका.
प्रत्येकाला किती, असं विचारलंय.
आणि तिथे प्रत्येकच नाही."

खिडकीच्या फटीतून वाळू येत होती.
कुणी काही बोललं नाही.
आमच्या गल्लीत सात दारांना बाहेरून कुलूप आहे.

घरी करायला दिलेलं गणित असं :
बारा भागिले क्ष, बरोबर
तीन भागिले, क्ष वजा तीन.
ओटा पुसला, दिवा जवळ ओढला,
तिरकस गुणाकार केला, जीभ दाताखाली धरून.
बारा क्ष वजा छत्तीस, बरोबर तीन क्ष.
एकदा चिन्ह चुकलं. खोडलं.
नऊ क्ष, बरोबर छत्तीस.
क्ष, चार.

ताळा करून बघ, म्हणाला होता.
बाराला चारानं भागलं : तीन.
तिनाला एकानं भागलं : तीन.
जमलं.

जमलं, आणि पेन तिथेच राहिलं.
चार माणसं होतो आम्ही या घरात, बारा बांगडे लागायचे.
मग जुस्तिनो रॉटरडॅमला बोटीवर गेला,
ऑर्लांदा ब्रॉक्टनला, म्हाताऱ्यांची सेवा करायला,
धाकटा लिस्बनला, विटा उचलायला.
आता मी तीनच घरी आणते.
तेव्हाही माझ्या ताटात तीन, आताही तीन.
गणित म्हणतं, फरक नाही.
गणिताचं चुकलं नाही, मी दोनदा तपासलं.

रविवारी धाकट्याचा फोन येतो.
आई, तूही ये ना, तिकीट पाठवतो.
बघू, म्हणते मी. दर रविवारी बघू.

मास्तरनं सांगितलं होतं, शेवटी अट लिहायला विसरू नका.
म्हणून खाली लिहिलं :
क्ष, तीन असून चालणार नाही.
कारण मग तिकडे, रेघेखाली, कुणीच उरत नाही.
अक्षर जरा वाकडं आलं. पण खाली रेघ मारली,
पट्टी लावून.

मग जेवायला बसले.
तिसरा बांगडा मांजरीला घातला.
तिला दोन्ही बाजूंना कुणी धरलंच नव्हतं.